शेवटच्या स्टॉपच्या पुढे

ड्रायव्हरकाका निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना सायकल भेट दिली. ज्या माणसाने उभा जन्म बस चालवली त्याला सायकल द्यायची, ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे. निरोपाच्या कार्यक्रमात सगळे पोट धरधरून हसले, काकाही हसले, आणि गळ्यातला हार हँडलला अडकवून सायकलवरूनच घरी निघाले. वाटेत ते प्रत्येक बसस्टॉपवर थांबले.

थांबायचं काही कारण नव्हतं. पण स्टॉप दिसला की काकांचा हात आपोआप ब्रेकवर जायचा, सायकल डावीकडे कडेला लागायची, आणि पाच-सहा माणसं चढली असतील एवढा वेळ गेला की मगच पुढे निघायची. एका स्टॉपवर एका आजीबाईंनी बाजारात जाणार का म्हणून विचारलंसुद्धा. काकांनी मान डोलावली, मग आपल्याकडे एकच सीट आहे हे लक्षात आलं, आणि त्यांनी आजीबाईंची माफी मागितली.

घरी आल्यावर त्यांनी हा प्रकार काकूंना सांगितला. काकू म्हणजे कंडक्टरकाकू. काकांच्याच बसवर त्या कंडक्टर होत्या, आणि लग्न झालं ते तिथेच जमून. आता बसमध्ये जमलं म्हणजे कोणी सिनेमातलं काही डोळ्यांपुढे आणू नये. पुढे ड्रायव्हर, मागे कंडक्टर, मध्ये घामेजलेली गर्दी. वर्ष-दीड वर्ष दोघांची ओळख होती ती फक्त बेलची. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे निघा. पण काकांच्या म्हणण्याप्रमाणे काकूंची बेल वेगळी होती. बाकीचे कंडक्टर अंगावर पाल पडल्यासारखी दोरी ओढायचे. काकू पहिली बेल द्यायच्या, दारातल्या शेवटच्या म्हाताऱ्याचा हात नीट दांड्याला लागेपर्यंत थांबायच्या, आणि मग दुसरी. त्या मधल्या थांबण्यावर काका भाळले. रजेवर असलेल्या काकूंच्या जागी दुसरं कोणी आलं की त्यांचा दिवस जात नसे, आणि एक दिवस त्यांनी डेपोच्या कॅन्टीनमध्ये सरळ जाऊन विचारलं. काकूंनी सुट्टे पैसे मोजणं संपवलं आणि मग हो म्हटलं.

तेव्हापासून घरातही ते एकमेकांना ड्रायव्हर आणि कंडक्टर म्हणतात. स्वयंपाकघर इतकं लहान की नातवंडं आली की मुंगीला शिरायला वाव नसतो, आणि मग ओट्यापाशी उभ्या असलेल्या काकूंचा आवाज येतो, पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे. काकूंनी काकांच्या आधीच नोकरी सोडली. हलत्या बसमध्ये उभं राहून राहून उजवा गुडघा कामातून गेला होता. जिन्याच्या दर पायरीवर त्या त्या गुडघ्याशी भांडत वर यायच्या.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या दोघांनी आयुष्यभर एकच रस्ता केला. डेपो, बाजार, इस्पितळ, गिरणी, शाळा, आणि गाव संपल्यावर डोंगराच्या पायथ्याशी शेवटचा स्टॉप. तिथे एक मोठं झाड, झाडाभोवती बस वळवायला गोल जागा, आणि एक बाक. बस रिकामी झाली की दोघं त्या बाकावर बसून डबा खात. समोर रस्ता संपत नव्हता. तो झाडाला वळसा घालून पुढे जात होता, चढत होता आणि डोंगराच्या कुशीत दिसेनासा होत होता. काकू घास तोंडात ठेवून रोज विचारत, पलीकडे काय असेल हो? आणि काका रोज म्हणत, बघू कधीतरी.

ते कधीतरी काही आलं नाही. तुम्ही म्हणाल, सुट्टीच्या दिवशी जायचं, त्यात काय एवढं. अहो, आठवडाभर बसमध्ये काढलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी चाक दिसलं तरी मळमळतं. शिवाय मुलांच्या परीक्षा, काकांच्या आईचं आजारपण, भिंतीची ओल, काही ना काही होतंच. निवृत्तीनंतर दोघांनी चालत तो डोंगर चढायचा असं ठरलं होतं, तर गुडघ्याने दगा दिला. मग काकूंनी तो विषय काढणंच बंद केलं. काकांच्या ते लक्षात आलं होतं, पण तेही बोलले नाहीत.

अशात एकदा काका काकूंच्या गुडघ्याचं मलम आणायला औषधांच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या केमिस्टताई म्हणजे चालतंबोलतं वादळ. गल्ल्यामागे पंप, कपाटाखाली टायर, आणि खोकल्याचं औषध देता देता गिऱ्हाइकाला सायकल घ्यायचा सल्ला. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्या चार-सहा जणांना घेऊन लांबच्या सायकलसफरीला जायच्या. या वर्षी कुठे, असं काकांनी आपलं बोलायचं म्हणून विचारलं. ताई म्हणाल्या, शेवटच्या स्टॉपवरून डोंगर ओलांडून थेट समुद्रापर्यंत. काका मलम काउंटरवरच विसरून घरी आले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्ही जा, बघून या, आणि मला सांगा. आणि मलम आणायला त्यांना परत पाठवलं.

थंडी सरली होती, झाडांना पोपटी पालवी फुटायला लागली होती, आणि वारा मात्र सकाळी एकीकडून तर दुपारी दुसरीकडून असा वेड्यासारखा सुटायचा. अशा दिवसांत दर रविवारी सराव सुरू झाला. मंडळी मोजकीच. ताई, एक बेकरीवाला, शाळेतले भूगोलाचे मास्तर आणि काका. बेकरीवाला पहाटे भट्टी उरकून तसाच यायचा, त्यामुळे त्याच्या मागून जाणाऱ्याला सारखी भूक लागायची. मास्तर बोलायचे. चढावर सगळ्यांना धाप लागली तरी मास्तर बोलायचे.

पहिल्या रविवारी काकांचे हाल कुत्रा खाईना. बसच्या सीटवर बसायची सवय असलेल्या माणसाला सायकलची सीट म्हणजे शिक्षाच. पोटऱ्यांत गोळे आले, मनगटं भरून आली, आणि सोमवारी ते जेवायला बसले ते उशी घेऊन. काकूंनी दुसरी उशी पुढे केली आणि म्हणाल्या, उभे प्रवासी चालतील आज. पुढच्या रविवारी ताईंनी सामानाच्या पिशव्यांत पाण्याचे कॅन भरून सायकलींना लटकवले, सफरीत ओझं असतं त्याची सवय व्हावी म्हणून. काकांना तेवढं मात्र सोपं गेलं. भरलेली गाडी कशी सांभाळायची हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. हळूहळू स्टॉपवर थांबणंही सुटलं. स्टॉप आला की ते नुसतेच जरा हळू व्हायचे आणि कोणी हात दाखवत नाही ना, तेवढं बघून घ्यायचे.

काका अंगाने रुंद. समोरून वारा असला की ताई त्यांनाच पुढे घालायच्या, म्हणजे मागच्यांना आडोसा. पुढचा जिकडे वळेल तिकडे मागच्यांनी वळायचं, विचारायचं नाही, हा ताईंचा नियम. आणि काकांचा वळायचा इशारा बघण्यासारखा होता. आधी हँडलवर बसवलेल्या छोट्या आरशात बघायचं, मग अख्खा हात खांद्यापासून ताठ बाहेर. त्या हातावर कोणी शंका घेईल अशी कोणाची छाती नव्हती.

पहिल्यांदा डोंगर चढायचा ठरला त्या रविवारी धुकं होतं आणि वारा समोरून. सगळे माना खाली घालून काकांच्या पाठीला चिकटून चालले होते. बाजार, इस्पितळ, गिरणी, शाळा मागे पडली. झाड आलं. काकांनी आरशात पाहिलं, हात बाहेर काढला, झाडाभोवती सुरेख गोल वळसा घेतला आणि आले तसे परत निघाले. मागून सगळे वळले.

आता वारा पाठीवर आला. बेकरीवाला खूश होऊन म्हणाला, वारा फिरला. मास्तरांनी त्यावर डोंगरापाशी वारे कसे दिशा बदलतात याचं व्याख्यान सुरू केलं. चढ अजून कसा लागत नाही असं ताईंच्या मनात येऊन गेलं, पण सायकली अशा काही भन्नाट सुटल्या होत्या की आपला सराव फळाला आला असं त्यांना वाटलं. काका तर तंद्रीत होते, शीळ घालत होते. तशाच शिळेत त्यांनी डावा हात दाखवला, वळले, आणि चारही सायकली डेपोच्या फाटकातून आत शिरल्या. वॉचमनने काकांना सलाम ठोकला.

पुढचे काही दिवस गावात दुसरा विषय नव्हता. मास्तरांना तर शाळेत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मुलं पूर्व कुठली म्हणून विचारायची. ताईही त्या दिवशी पोट दुखेपर्यंत हसल्या, आणि काकांना पुढे ठेवायचं नाही एवढंच त्यांनी ठरवलं.

पण पुढच्या रविवारी कोणी हसलं नाही. काका या वेळी सर्वांत मागे होते. बाकीचे तिघं धापा टाकत डोंगरमाथ्यावर पोचले आणि मागे वळून बघतात तर काका नाहीत. हाका मारल्या. थांबले. मग ताई उतारावर एकेका वळणाशी उतरून दरीत डोकावत खाली आल्या. काकांच्या वयाचा माणूस, भरलेली सायकल, नाही नाही ते विचार त्यांच्या मनात आले. काका सापडले ते डेपोच्या कॅन्टीनमध्ये, पुढ्यात चहा, आणि चहावर साय धरलेली.

ताईंचा आवाज चढला नाही, तेच काकांना लागलं. त्या म्हणाल्या, "काका, माझ्या दुकानात सगळ्यावर औषध आहे, यावर नाही. डोंगरात माणूस हरवला तर मी काकूंना काय तोंड दाखवू? पुढच्या रविवारी शेवटचा सराव आहे. डोंगर ओलांडून पलीकडे उतरायचं आणि परत यायचं. तुम्ही झाडापाशी वळलात, तर सफरीला तुम्ही नाही."

काका मान खाली घालून घरी आले. काकू गुडघा स्टुलावर ठेवून भाजी निवडत होत्या. बातमी त्यांच्या आधीच जिना चढून आली होती. काकूंनी विचारलं, विसरलात का पुन्हा? काकांनी पायांतले बूट काढले, ते नीट शेजारी शेजारी ठेवले, पुन्हा थोडे सरकवले.

"पहिल्यांदा हात आपोआप वळले," ते म्हणाले. "आज मी वळवले."

काकूंचा हात भाजीत थांबला.

मग काकांनी सांगितलं. झाडापाशी आल्यावर त्यांना तो बाक दिसला. बाकाचं एक टोक झिजून गुळगुळीत झालंय, तिथे काकू बसायच्या. बाकीचे पुढे निघून गेले, चढाला लागले, आणि काकांचा पाय काही पेडलवर ठरेना. सगळी वर्षं ज्या बाईने पलीकडे काय आहे म्हणून विचारलं, तिला घरी ठेवून आपण एकट्याने ते बघायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. "आणि तुझी बेल झाल्याशिवाय मी गाडी कधी हलवली आहे का?"

काकूंना एवढं मोठं बोलणं ऐकायची सवय नव्हती. त्यांना भरूनही आलं आणि रागही आला, आणि दोन्हींत राग सोपा म्हणून त्यांनी तो धरला. त्या म्हणाल्या, मी काही त्या बाकावर ताटकळत बसलेली नाही, मी इथे आहे, भाजी निवडते आहे. ज्याला पाय आहेत त्याने जायचं आणि बघायचं, नाहीतर दोघांपैकी एकालाही कळायचं नाही. मग भाजीची परात त्यांनी काकांकडे सरकवली. ती काकांनी निमूटपणे निवडली आणि त्यात निम्मे देठ राहिले.

आठवडाभर दोघांत त्यावर शब्द निघाला नाही. काका रोज सकाळी सायकल पुसत. चेनला तेल घालत. सफरीला जायचं होतं हे तर खरंच, इतकं जायचं होतं की झोपेत त्यांचे पाय हलत आणि काकू त्यांना कोपराने ढोसत. पण झाड डोळ्यांसमोर आलं की ते पुसलेलीच सायकल पुन्हा पुसायला घेत.

रविवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. काका निघाले तेव्हा काकू पाठ करून ओट्यापाशी काहीतरी खुडबुडत होत्या, नीट जा एवढंच म्हणाल्या. ताईंनी काकांना या वेळी मधे ठेवलं, पुढे बेकरीवाला, मागे त्या स्वतः. मास्तरसुद्धा गप्प होते, म्हणजे प्रसंग किती बाका असेल बघा. बाजार गेला. इस्पितळ गेलं. गिरणीच्या चढावर एक बस त्यांना ओलांडून पुढे गेली, आणि आपला रस्ता आता कोण चालवतो ते काकांनी सवयीने पाहिलं. नवीनच पोरगा होता, गिअर जरा खडखडत टाकत होता.

ते झाडापाशी आले तेव्हा तीच बस वळून स्टॉपला उभी होती. प्रवासी उतरून पांगले होते. बेकरीवाला पुढे निघून चढाला लागला, त्याच्यामागे मास्तर. काकांची सायकल मात्र हळू झाली, आणखी हळू झाली, आणि बाकासमोर थांबली. त्यांनी एक पाय खाली टेकला. त्यांच्या मागे ताईही थांबल्या. काकांचे हात हँडलवर होते आणि हँडल झाडाकडे झुकायला लागलं होतं.

तेवढ्यात बसमध्ये बेल झाली. एक.

मग थोडा वेळ काहीच नाही. दारातल्या शेवटच्या म्हाताऱ्याचा हात दांड्याला लागेल एवढा.

मग दुसरी.

काकांनी वळून पाहिलंच नाही. ती बेल कोणाची हे त्यांना पाहून ठरवायचं नव्हतं. पाय उचलला गेला, पेडल खाली गेलं, हँडल सरळ झालं आणि झाड डाव्या बाजूने मागे सरकलं. बसमध्ये तो नवा पोरगा चहाचा कप घेऊन बसला होता, त्यानेही बेल ऐकल्याबरोबर कप ठेवून इंजिन सुरू केलं, आणि मागून काकूंनी त्याला चांगला दम दिला की ही तुझ्यासाठी नव्हती. जिना उतरून, स्टॉपपर्यंत चालून, गुडघ्याला शिव्या मोजत त्या ती बस धरून आल्या होत्या, आणि येताना पोराला दोन-तीनदा गिअरवरून बोलल्याही होत्या. काका पहिल्या वळणावर पोचले तेव्हा त्यांना हँडलवरच्या आरशात खिडकीतून बाहेर आलेला एक हात दिसला. तो हात बसच्या पत्र्यावर थापा मारत होता. चला, चला.

चढ चढताना काकांना रडू आवरेना. ताई शेजारून चालल्या होत्या, त्यांनी विचारलं, त्रास होतोय का? काका म्हणाले, घाम आहे.

डोंगरमाथा आला, मास्तर आणि बेकरीवाला तिथे पाणी पीत बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे पलीकडे उतरले. वळणं, गवत, एक ओढा, चार घरं, आणि उतार संपला तिथे एक झाड. झाडाभोवती गोल जागा, एक बाक, आणि बाजूला उभी असलेली एक बस. कोणत्या तरी दुसऱ्या गावाची.

काका सायकलवरून उतरले आणि मोठ्याने हसायला लागले. बाकावर त्या बसचा ड्रायव्हर डबा खात बसला होता, काकांच्याच वयाचा, बहुधा निवृत्तीला टेकलेला. त्याने काकांना बसायला जागा केली. कुठून आलात, काय, कसं, विचारलं. मग डोंगराकडे बोट करून म्हणाला, मी रोज इथवर येतो आणि वळतो. पलीकडे काय आहे हो?

काकांनी त्याला सांगितलं. मग त्याची बस कुठून सुटते, त्या गावाला आपल्या बाजाराच्या स्टॉपवरून गाडी मिळते का, मधे किती बदलाव्या लागतात, सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. दोन गाड्या बदलल्या की झालं, असं तो म्हणाला. नंतर ताईंनी निघायचं म्हटल्यावर काकांनी हात खांद्यापासून ताठ बाहेर काढला आणि त्या झाडाला वळसा घातला. या वळण्याला ताईंची हरकत नव्हती.

परत आले तेव्हा काकू बाकाच्या झिजलेल्या टोकावर बसल्या होत्या. मधे किती गाड्या येऊन गेल्या असतील, पण त्या हलल्या नव्हत्या. शेजारी डबा होता, दोघांचा. काकांनी सायकल झाडाला टेकवली आणि त्यांच्याशेजारी बसले.

"काय आहे मग पलीकडे?" काकूंनी विचारलं.

काकांनी झाड सांगितलं, बाक सांगितला, बस सांगितली. सफर आटोपली की दोघांनी बसने तिथे जायचं, प्रवासी म्हणून, एका सीटवर, बेल दुसरं कोणीतरी मारेल, हेही सांगून टाकलं. आणि त्या ड्रायव्हरने आपल्याला हाच प्रश्न विचारला, तेही सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पलीकडे आमची कंडक्टर बसलीय."

काकूंनी डबा उघडला, काकांपुढे धरला, आणि विचारलं, त्या बसला कंडक्टर कोण आहे, आणि बेल कशी मारते.